शेजारची पात

लावणीची रोपं अजून धड मूळ धरून उभीही राहिली नव्हती, तोच थोरल्याच्या खाचरात टकलं पडायला लागली. आधी पाटाच्या तोंडाशी एक पडलं, मग बांधाला लागून दुसरं. सगळीकडे हिरवंगार आणि मध्येच परातीएवढं उघडं पाणी. थोरल्यानं आधी बायकोला बोल लावला, की रोपं उथळ खोचली. थोरली म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून खोचतेय, इतक्या वर्षांत सुटली नाहीत ती आत्ताच बरी सुटली? तो म्हणाला, तेव्हा लक्ष कामात असायचं. असं बांधावर उभ्याउभ्या बराच वेळ चाललं.

मग तो वाकला आणि त्याचं तोंड बंद झालं. रोप सुटलेलं नव्हतं. बुडखा मातीत घट्ट होता आणि वरचं सगळं पाण्याच्या खाली कुणीतरी कुरतडून नेल्यासारखं. कापलेली पाती वाऱ्यानं कोपऱ्याला जाऊन लागली होती.

नांगे, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा, भरायला हवेत म्हणून त्यानं धाकटीला बोलावणं धाडलं.

धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ शेतीत कधी रमला नाही. तो काच कापून माशांच्या टाक्या बनवायचा, म्हणून सगळे त्याला टाकीवाला म्हणत. पुढे टाक्या नेणाऱ्या व्यापाऱ्यानंच त्याच्या डोक्यात भरवलं, की टाकीबरोबर टाकीत ठेवायला काही दिलंस तर दोन्ही हातांनी कमावशील. त्यानं शोभेच्या सोनेरी गोगलगायी आणून दिल्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटचे हौद बांधले गेले आणि त्या गोगलगायी धाकटीच्या गळ्यात पडल्या. खायला घालणं, पाणी बदलणं, अंडी सांभाळणं सगळं तिच्याकडे. जमीन दोघा भावांची, कसायचा थोरला, धान्य दोन्ही घरांत जायचं. म्हणून लावणीला आणि कापणीला धाकटीनं उतरायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. थोरलीच्या शेजारची पात, लावत जायची ओळ, नेहमी तिची. थोरली हात चालवता चालवता गावभरच्या गोष्टी सांगायची आणि धाकटी हसता हसता मागे पडायची.

त्या दिवशीही ती रोपांची मूठ घेऊन उतरली. पाणी पोटरीपर्यंत, वरून कोमट, खाली गार. पहिल्या टकलापाशी पोचली आणि तिच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी कडक, गोल लागलं.

खडा नव्हता. खडा असा गुळगुळीत नसतो आणि दाबला तर मुठीसारखा मिटत नाही. वर्षानुवर्षं हौदात हात घालणाऱ्या बाईला ते काय आहे हे बघावं लागत नाही. धाकटीनं बघितलंही नाही. थोरली शेजारी कुणाच्या तरी सुनेचं काही सांगत होती. धाकटीनं हूं म्हटलं, टाच त्या गोल वस्तूवर ठेवली आणि सगळं वजन घालून ती चिखलात खोल दाबली. मग त्याच जागी नवीन रोप खोचलं. हे सगळं तिनं इतक्या सहज केलं की नंतर तिला त्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

तेवढ्यात पाटाच्या वरच्या अंगाला बदकवाल्याचा आवाज आला. "आऽव, आऽव, आऽव." त्याचा थवा पाटातून खाली यायचा आणि लावणी झाली की खाचराखाचरांतून फिरायचा. कुणाकुणाच्या आजोबांच्या वेळेपासून हे चाललं होतं. बदकं किडे खायची, पाणी ढवळायची, खत टाकायची. बदल्यात कुणी त्याला काही मागायचं नाही, तोही कुणाला काही द्यायचा नाही. एकटा माणूस होता. त्याला जवळचं म्हणावं असं त्या थव्याखेरीज कुणी नव्हतं, आणि तोही बोलायचा ते बहुतेक बदकांशीच.

बदकं बांध उतरून पाण्यात शिरली आणि थेट टकलांकडे गेली. माना पाण्यात खुपसून शेपट्या वर. थोरल्यानं ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"हे बघ. हे बघ कोण कापतंय ते."

तो धावत बांधावर गेला. बदकवाला म्हणत होता, की बदकं रोपाला तोंड लावत नाहीत, तुम्ही काय आज बघताय का मला. थोरल्याला ऐकायचं नव्हतं. त्यानं बदकवाल्याच्या हातातला लांब बांबू ओढला, टोकाला चिंधी बांधलेला, आणि पाटात भिरकावून दिला. बांबू धारेबरोबर वाहत निघाला. बदकवाला क्षणभर बघत राहिला आणि मग धोतर खोचून पाण्यात उतरला. म्हातारा माणूस, पाट तिथे छातीएवढा. चिंधी पुढे, तो मागे. आजूबाजूच्या खाचरातले लोक कंबर ताठ करून बघत होते, दोघंतिघं हसलेही. बांबू पुढच्या वळणाला झुडपात अडकला तेव्हा कुठे तो त्याच्या हाती लागला. तो तसाच निथळत वर आला, कुणाकडे न बघता आवाज दिला आणि थवा घेऊन गेला.

"चला, पात पुरी करा," थोरला म्हणाला. धाकटीनं मान वर केली नव्हती, त्यामुळे तिला ती खाली घालावी लागली नाही.

घरी येऊन तिनं पाय धुतले आणि शेडमध्ये जाऊन बसली. हौदांत गोगलगायी आपापल्या चालीनं सिमेंटवरून सरकत होत्या, त्यांना कशाची घाई नव्हती. पाण्याच्या वर भिंतीला अंड्यांचे घोस चिकटलेले, गुलाबी, भडक. नव्या माणसाला वाटावं कुणी रंग उडवलाय. थोरली पहिल्यांदा शेडमध्ये आली होती तेव्हा कितीतरी वेळ त्यांच्यासमोर उभी होती. म्हणाली होती, अगं, याची माळ करून घालावीशी वाटते.

ही अंडी पाण्याबाहेर असतात तोवरच जगतात, असं व्यापाऱ्यानं धाकटीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नको असतील तेव्हा खरवडून पाण्यात टाकायची, गुदमरून जातात, चिरडायची घाण नको. धाकटीला ते फार पटलं होतं. तिच्याच्यानं काही चिरडवायचं नाही. जास्तीची अंडी ती कालथ्यानं खरवडायची, शेडच्या मोरीत ढकलायची आणि वर बादली ओतायची. मोरी पाटात जायची. ताजी अंडी खरंच मरायची. पिकलेली मरत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगायला कशाला हवं होतं?

उन्हाळ्यात व्यापारी बराच काळ आला नाही. शहरातल्या लोकांना आता सोनेरी नको, पट्ट्यापट्ट्यांच्या हव्यात, असा निरोप आला. मग कुणी शेडमध्ये फारसं फिरकेना. घोस भिंतींवर तसेच राहिले, गुलाबीचे फिके झाले, फिक्याचे राखाडी. एक दिवस टाकीवाला म्हणाला, काय तो उकिरडा करून ठेवलायस, साफ कर. ती कालथा घेऊन बसली. घोस हाताला ठिसूळ लागत होते आणि त्यांचा चुरा होत होता. चुऱ्यात तिळाएवढं काहीतरी हललं. तिनं ते बघितलं. बघून तिनं मोरीत आणखी एक बादली ओतली, आणि मग आणखी एक, जणू पाणी जास्त झालं की काम चोख होतं.

संध्याकाळी टाकीवाला काचा उतरवून आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो आधी हसला. त्याला प्रत्येक गोष्टीवर आधी हसायची सवय होती. मग त्यानं दार लोटून घेतलं.

"कुणी बघितलं?"

"नाही."

"मग झालं तर. बदकं खातात म्हणतोय ना दादा? मोठा भाऊ आहे, त्याला खोटं कसं पाडायचं?"

ती म्हणाली, त्या म्हाताऱ्याचा यात काय दोष. त्यावर तो बराच वेळ बोलला. व्यापारी परत यायला लागलाय. शेड बंद पडली तर नुसत्या टाक्यांवर घर चालत नाही. आणि दादाचं पीक बुडालं ते आपल्यामुळे, हे एकदा कळलं की या घरात आपल्याला पाण्याचा तांब्या तरी कुणी पुढे करेल का. शेवटचं बोलणं खरं होतं आणि तेच तिला लागलं. थोरलीनं तिला नांदायला आल्यापासून हाताला धरून शिकवलं होतं. मुलगा झाला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसली होती. धाकटी उठून चुलीकडे वळली.

पाटाच्या दाराशी बैठक भरली. टकलं आता शेजारच्या खाचरांतही दिसत होती आणि प्रत्येकाला कुणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. बदकवाला एका बाजूला उकिडवा बसला होता, बांबू आडवा मांडीवर. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की माझी बदकं पात्याला तोंड लावत नाहीत, एक पकडून पोट फाडून बघा हवं तर. कुणीतरी म्हणालं, फाडायची म्हटली की मग सगळीच फाडू. लोक हसले.

सगळ्यांत जास्त बोलला टाकीवाला. ज्याच्या हाताखालून कधी एक रोप गेलं नाही तो शेतीवर बोलायला उभा राहिला. बदकांची जात कशी लबाड असते, दिवसा किडे खाऊन दाखवते आणि आपली पाठ वळली की काय काय करते, हे त्यानं मान वाकडी करून चालून दाखवलं. लोक पोट धरून हसले. बायकांच्या घोळक्यात धाकटी बसली होती. तिला वाटलं, आत्ता उठावं. ती उठली नाही. बदकवालाही थोडासा हसला होता, लोक हसतात तेव्हा आपण हसलो नाही तर बरं दिसत नाही म्हणून. ते त्याचं हसणं तिनं बघितलं, आणि पुढे कितीतरी दिवस जेवताना तिला तेच दिसायचं.

ठरलं असं, की बदकं आजपासून कोंडून ठेवायची आणि पुढच्या बाजाराला विकून टाकायची. या पाटावर पुन्हा थवा नको.

बदकवाल्यानं पाटाकाठच्या आपल्या खोपटाला लागून जाळं लावलं आणि थवा आत घातला. दिवसभर त्यांचा ओरडा. पाणी समोर दिसत होतं आणि जाता येत नव्हतं. इकडे खाचरांत टकलं वाढायची थांबली नाहीत, उलट चौखूर सुटली. आता ती एकमेकांना मिळायला लागली. थोरल्याला कुणी म्हणालं, बदकं तर कोंडलीत. तो म्हणाला, म्हातारा चोरून सोडतो. एवढा गाजावाजा केल्यावर त्याला मागे फिरणं जड होतं. धाकटीला मात्र कळून चुकलं. गोगलगायींची पिल्लं बारीक होती तोवर बदकं ती वेचून खात होती. आता खाणारं कुणी उरलं नव्हतं.

ती भर दुपारी उतरायला लागली. उन्हानं माणसं घरात पडलेली असायची. बादलीवर फडकं घालून ती बांधाबांधानं फिरायची, पाण्यात हात घालून चाचपायची आणि सापडेल ती गोगलगाय बादलीत टाकायची. चिखलानं मळलेली असली तरी अंगठा फिरवला की आत सोनं दिसायचं. एक बादली भरायची आणि टकलं होती तशीच राहायची. पाठ भरून यायची, नखांत चिखल बसायचा, बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतायची. पण त्या दुखण्याचं तिला बरं वाटायचं. आपण काहीतरी फेडतोय असं वाटायचं, आणि तेही खोटंच होतं.

असंच एकदा वर चढताना बांधावर बदकवाला बसलेला दिसला. ती दचकली. बादली तिनं मागे धरली.

"खेकडे का, पोरी?"

"हो काका."

"मिळतात का अजून? मिळू देत." त्यानं जागा करून दिली. तीही नाइलाजानं टेकली. जाळ्यामागे बदकं ओरडत होती. तो म्हणाला, खायला विकतचं घालावं लागतं, तेही अर्ध्यापोटी. पिसं गळायला लागलीत. बाजारात असल्या बदकांना कोण विचारतं, खाटकाखेरीज.

त्यानं बांबूच्या टोकाची चिंधी सोडली आणि पुन्हा बांधली.

"थोरला तुझ्या शब्दाला मान देतो असं ऐकतो. माझ्यासाठी एक शब्द टाकशील? अर्धी विकतो. अर्धी राहू देत म्हणावं."

धाकटीच्या मांडीला बादली टेकलेली होती आणि आत एकावर एक शंख सरकल्याचा बारीक आवाज येत होता. तिला तो आवाज एवढा मोठा वाटला, की म्हाताऱ्याला ऐकू कसा येत नाही.

"बघते काका," ती म्हणाली. "आजच बोलते."

ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या दारापर्यंत गेली, विरजणाला ताक मागितलं आणि परत आली. तिसऱ्या दिवशी बदकवाल्यानं लांबूनच हात वर करून विचारलं आणि तिनं लांबूनच हात हलवला. त्याला काय वाटायचं ते वाटलं असेल.

अंडी मात्र थांबली नाहीत. बाजाराच्या आदल्या सकाळी थोरलीबरोबर ती उरलेले नांगे भरत होती. बांधावर, पाण्याची पातळी बघायला रोवलेल्या खुंटीवर, थोरल्याला काहीतरी दिसलं.

"हे गुलाबी काय गं?"

थोरलीनं बघितलं. धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरलीचा हात रोपं धरून तसाच थांबला होता. शेडमध्ये ज्याची माळ करावीशी वाटली होती तेच होतं ते, ओळखायला वेळ लागणार नव्हता. मग ती पाय उचलत खुंटीपाशी गेली, डोक्याचं फडकं काढलं आणि एका हातानं सगळा घोस पुसून घेतला.

"बुरशी आहे कसली. ओल्या लाकडाला येते."

"गुलाबी बुरशी?"

"मग काय हिरवीच यायला हवी का? तुम्ही तिकडचं तोंड बांधा बघू, पाणी चाललंय सगळं."

थोरला गेला. थोरलीनं पाण्यात हात धुतला. बोटांच्या पेरांत रंग राहिला होता, तो ती घासत राहिली. धाकटीकडे तिनं बघितलं नाही. परत पातीला आली, पण गोष्ट सांगितली नाही. पात संपेपर्यंत दोघींच्या हातांचा पाण्यातला आवाज तेवढा येत होता. निघताना ती एवढंच म्हणाली, "आधीच सांगायचं होतंस गं. आता मीही खोटं बोलले." आणि पुढे निघून गेली. थोरलीनं शिव्या घातल्या असत्या तर धाकटी रडून मोकळी झाली असती.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती उठली तीच ठरवून. बदकं न्यायला टेम्पो यायच्या आत खोपटाशी जायचं आणि सांगायचं. शेडमधून जाताना बघते तो टाकीवाला हौद रिकामे करत होता. मोठ्या टोपल्यात सगळ्या गोगलगायी भरलेल्या आणि तो टोपलं ओढत मोरीकडे चाललेला.

"काय करताय?"

थोरलीनं त्याला गाठून सांगितलं होतं, की शेड साफ कर. तो तेच करत होता. "व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला सोनेरी नकोच. मग ठेवून काय करायचं? कुणी बघायला आलं तर हौद कोरडे पाहिजेत."

"आणि या?"

"पाण्यातल्या आहेत, पाण्यात जातील." तो हसला. "जिथल्या तिथे."

धाकटीनं टोपल्याचा काठ धरला. तो म्हणाला सोड, ती सोडेना. त्यानं ओढलं, ती बरोबर ओढली गेली, गुडघा सिमेंटवर आपटून सोलला. मग ती सरळ मोरीच्या तोंडावर बसली. नवऱ्यानं तिला उठवायला काखेत हात घातले, तिनं अंग सैल सोडलं. बाई ओलं पोतं होऊन बसली की तिला हलवणं सोपं नसतं. तो धापा टाकत बाजूला झाला. तो चिडून बोलत राहिला, ती ऐकत राहिली. पाटाकडून टेम्पोचा आवाज आला तसा तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला. ती उठली तर टोपलं जाणार होतं, बसली तर टेम्पो जाणार होता. ती बसून राहिली. शेवटी तोच कंटाळून, पाय आपटत घरात गेला.

तिनं टोपलं डोक्यावर घेतलं. वाटेवर त्यातून पाणी गळत होतं, मानेवरून पाठीत उतरत होतं. ती पळू शकत नव्हती, नुसती भराभर चालत होती. वळणावर धूळ दिसली तेव्हाच तिला कळलं.

जाळ्याच्या आत पिसं आणि घाण तेवढी राहिली होती. आवाज नव्हता. बदकवाला खुंट्या उपटत होता. थोरला, थोरली आणि आजूबाजूच्या खाचरांतली पाचदहा माणसं अजून उभी होती, एखादं काम आटोपल्यावर उभी राहतात तशी. धाकटीनं टोपलं त्यांच्या मध्ये उतरवलं आणि कलंडवलं. सोनेरी गोगलगायी धुळीत घरंगळल्या, मिटल्या.

"रोपं या खातात," ती म्हणाली. "बदकं नाही. माझ्या शेडमधल्या आहेत. अंडी मी पाटात टाकली होती."

थोरल्यानं एक उचलली, उलटीपालटी करून बघितली. अंगठ्यानं आतला पडदा दाबला.

"तुला कधीपासून माहीत?"

"नांगे भरायला आले त्या दिवसापासून. पायाला लागली होती. मी टाचेनं दाबली."

"त्याचा बांबू टाकला तेव्हा?"

"त्याच्या आधी."

"मला कालपासून," थोरली मध्येच म्हणाली. "ती बुरशी नव्हती."

थोरल्यानं बायकोकडे बघितलं, मग हातातल्या शंखाकडे. तो ओरडेल म्हणून सगळे वाट बघत होते. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा गोरामोरा झाला होता. तो शंख खाली ठेवून जाळ्याशी गेला आणि बदकवाल्याच्या समोरची खुंटी उपटायला लागला. बदकवाला म्हणाला, राहू दे, तुझे हात खराब होतील. त्यात टोमणा नव्हता, म्हणून थोरल्याला ते आणखी झोंबलं. धाकटीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बदकवाल्यानं तिच्याकडे बघितलं.

"ते खेकडे नव्हते तर," तो म्हणाला.

"नाही काका."

त्यानं मान हलवली आणि जाळं गुंडाळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाटाकाठचं सगळं गाव पाण्यात उतरलं. प्रत्येक घरातून माणूस आला, बादल्या आल्या, पोती आली. बांधाबांधावरच्या खुंट्या आणि गवत खरवडून अंडी चिरडायची, पाण्यातल्या गोगलगायी वेचून पोत्यात भरायच्या. भरलेली पोती शेडच्या सिमेंटवर ओतली जायची आणि टाकीवाला जमीन चोपायच्या धुम्मसानं त्या कुटायचा. दिवसभर तो तेच करत होता. त्याच्या पायांवर चिकट शिंतोडे उडत होते आणि आवाज खाचरापर्यंत येत होता. त्या दिवशी तो कशावरही हसला नाही.

लोक ओळीनं पाती धरून उभे राहिले. धाकटीनं बांधालगतची धरली. तिच्या शेजारची पात रिकामी राहिली. कुणी तिला बोललं नाही, कुणी ढकललं नाही, नुसतं शेजारी कुणी आलं नाही. थोरली तिकडे दूर, नवऱ्याच्या बाजूला वाकली होती. धाकटी आपली पात काढायची आणि रिकाम्या पातीतही हात घालायची, पण दोन पाती एकीला उरकत नाहीत. ओळ पुढे गेली, ती मागे पडली. पूर्वी हसून मागे पडायची.

दुपार टळल्यावर शेजारचं पाणी हललं. तिनं बघितलं तर बदकवाला उतरला होता. एका हातात बांबू, टेकू म्हणून, दुसऱ्या हातात फुटकी बादली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बोलवायला कुणाला तोंड होतं?

"सरक जरा तिकडे," तो म्हणाला. "ही माझी."

तो वाकला, बादली चिखलात टेकवून हात पाण्यात घातला आणि चाचपायला लागला. त्याला त्या खाचरांचा प्रत्येक कोपरा ठाऊक होता, कुठे पाणी साचतं, कुठे बदकं जास्त रेंगाळायची. तिथे तिथे तो नेमका जात होता. एकेक शंख वर काढून बादलीत टाकत होता. त्याच्या थव्यानं कडेला शेपट्या वर करून जे घटकाभरात उरकलं असतं ते तो म्हातारा एका हातानं करत होता. सगळी ओळ ते बघत होती आणि कुणी ते बोलून दाखवत नव्हतं. धाकटीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ती त्याच्या बादलीकडे बघत होती आणि ती भरली की उचलून बांधावर नेऊन रिकामी करत होती. त्यानं ते करू दिलं.

ऊन उतरलं. पाणी तांबूस दिसायला लागलं. बदकवाला पातीच्या टोकाला पोचला, बांबूवर भार देऊन कंबर सरळ केली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, मनातही नसताना, त्याच्या तोंडून आवाज निघून गेला.

"आऽव, आऽव, आऽव."

खाचरांवरून तो लांबवर गेला. म्हाताऱ्याला स्वतःलाच ऐकू आलं तसा तो थांबला. कुठूनही काही आलं नाही. ओळीतल्या एकानंही पाठ सरळ केली नाही, मान वर केली नाही. सगळे तसेच वाकलेले, कोपरापर्यंत हात पाण्यात, गाळात बोटं फिरवत राहिले. धाकटीही वाकलेलीच होती. तिच्या बोटांना एक गोगलगाय लागली, गुळगुळीत, मिटलेली. ती बाहेर काढून तिनं त्याच्या बादलीत टाकली.